स्वस्त चहा समुद्रात का गेला?

१६ डिसेंबर १७७३ ची रात्र. ब्रिटिशांच्या अमेरिकी वसाहतीतल्या बोस्टनच्या धक्क्याला तीन जहाजं लागली आहेत: डार्टमाउथ, एलेनॉर, बीव्हर. तोंडाला काजळी फासलेली माणसं वर चढतात, कुऱ्हाडींनी पेट्या फोडतात आणि चहा खाडीत ओततात. तीनेक तासांत ३४२ पेट्या रिकाम्या होतात.

चहा महागला होता का? नाही, उलट तो स्वस्त होणार होता!

हे उलगडायचं तर आधी बंगालकडे बघावं लागतं. १७७० च्या दुष्काळात तिथे लाखो माणसं अन्नावाचून गेली, आणि ईस्ट इंडिया कंपनी तशातही शेतसारा वसूल करत राहिली. तरीही १७७२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. तिला वाचवायला ब्रिटिश संसदेने कायदा केला: हा चहा थेट अमेरिकेत विका, म्हणजे तो स्वस्त पडेल. पण अमेरिकेतला पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच ठेवला.

चोरून डच चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं पोट यामुळे दुखलं, हेही खरं. पण सामान्य माणसाचा राग वेगळा होता. ज्या संसदेत आपला एकही माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात का घालावा? १७६५ मध्ये तिने वर्तमानपत्रांपासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत सगळ्यांवर मुद्रांक शुल्क लावलं होतं. लोक खवळले, कायदा मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी संसदेने ठणकावलं, की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा हक्क आमचाच. कर गेला, हे शब्द मात्र मनात रुतून बसले. म्हणूनच अमेरिकेतल्या पत्रकांत आता बंगालच्या भूकबळींचा दाखला दिला जाऊ लागला: या कंपनीने तिथे जे केलं, ते इथेही करेल.

लंडनला चहाची बातमी पोचायलाच महिना लागला. तिथून शिक्षा आली ती सबंध शहराला. १ जून १७७४ पासून बंदर बंद. हमाल, खलाशी, सुतार, सगळे बेकार. मग दूरच्या साउथ कॅरोलिनातून बोस्टनसाठी तांदूळ आला. तोवर आपापल्यापुरतं पाहणाऱ्या वसाहती एकमेकींच्या मदतीला धावल्या, आणि मला ही गोष्ट चहापेक्षाही मोठी वाटते.

१९ एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमध्ये ब्रिटिश सैनिक आणि वसाहतींतली माणसं यांच्यात गोळ्या झडल्या. तरीही जुलैमध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींनी राजा तिसऱ्या जॉर्जला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही. २३ ऑगस्टला त्याने त्यांना बंडखोर जाहीर केलं.