कोजागिरी ते त्रिपुरी

[बाल्कनी. फळांचा रिकामा क्रेट, शेजारी लोकरीचे चार गुंडे.]

कोजागिरी झाली की पुण्यात पहाटे पांघरूण शोधावं लागतं. दुपारी मात्र ऑक्टोबरचं ऊन तसंच असतं. मेथी पेरायला आणि मफलरचे टाके घालायला हेच दिवस बरे. दोन्ही कामं त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हाताशी येतात.

मेथीला सहा इंच खोल क्रेट पुरतो. तळाशी जुनं सुती कापड, वर दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बियाणं डब्यातलंच: एक मोठा चमचा मेथीदाणे रात्रभर भिजवून, बोटाने पाडलेल्या ओळींत पेरायचे आणि वर पाव इंच माती टाकायची. दोन दाण्यांत अर्धा इंच अंतर हवं. मूठभर भुरभुरून टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि पुढचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

[कोंब. जवळून.]

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. आधी दोन जाड, लांबट बीजदलं, मग एकच सुटं पान, आणि त्यानंतर ओळखीची तीन-तीन पानं. या सुमारास परतीचा पाऊस आला, तर क्रेट आत ओढा. दाट पेरणीत माती सतत ओली राहिली की रोप जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. ही मर. ती लागलेलं रोप वाचत नाही. ते उपटून टाकायचं आणि पाणी आवरायचं. बोट रोवून पहिलं पेर कोरडं लागलं, तरच पाणी. दहाव्या दिवशी दाटीतली निरोगी रोपं मुळासकट काढून आमटीत घाला. मुंबईत समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात, त्याही अशाच कोवळेपणी उपटलेल्या. फक्त वाळूत वाढवलेल्या.

रोज चार-पाच तास ऊन मिळालं नाही, तर रोपं उंच आणि लुळी होतात. युरिया मात्र नको. मेथी शेंगवर्गातली, मुळांवरच्या गाठींत नत्राची सोय तिची तीच करते.

[सुया. हात.]

आता मफलर. २०० ग्रॅम मध्यम जाडीची लोकर, सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले. नाहीतर मध्येच रंग बदललेला दिसतो. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा.

४२ टाके घाला. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट असं आलटून पालटून, शेवटी २ सुलट. दुसरी: तसंच २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. याच दोन ओळी शेवटपर्यंत. एका बाजूने सगळं सुलट दिसेल अशी साधी वीण मफलरला घेऊ नये, कडा गुंडाळून नळी होते. पाच फुटांना साधारण ४३० ओळी लागतात. दिवाळीचे पाच दिवस सुयांना हात लागणार नाही हे धरलं, तर रोज अठरा.

४२ चे ४४ टाके झाले, तर धागा तपासा. सुलटवरून उलटवर जाताना तो दोन सुयांमधून पुढे घ्यायचा, परत येताना तसाच मागे. सुईवरून नेला की फुकटचा टाका वाढतो आणि खाली भोक पडतं. टाका सुटून शिडी पडली, तर उसवू नका. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा उचलत वर या.

[कात्री. तवा. कढई.]

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी मेथी काढायची. त्यापुढे देठ जून होतात. मातीपासून दोन इंच सोडून कापली, तर पुन्हा फुटते, जरा विरळ. एका क्रेटमध्ये एका वेळची भाजी निघते.

पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलात मोहरी, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन मिरच्या. मग डाळ, झाकून पाच मिनिटं. मेथी धुऊन मगच चिरायची. ती पडल्यावर झाकण नको, हिरवा रंग जातो. मीठ पाला बसल्यावर. आधी अंदाजाने टाकलं की भाजी हमखास खारट.

मफलरचे टाके ७ नंबरच्या सुईने सैल बंद करा, नाहीतर टोक आवळतं. बाजारातली बरीचशी लोकर अॅक्रिलिक असते. तिच्यावर इस्त्री फिरवली, तर वीण कायमची सपाट होते.