दंड बसवणारे उदारमतवादी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

परवा एका बैठकीत एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "सर, तुम्ही लिबरल लोक नुसते ठराव करणार. रस्त्यावर कोण उतरणार?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. हा आरोप गोपाळ कृष्ण गोखल्यांपासून चालत आलाय आणि त्याचं उत्तर कोल्हापूरनंच दिलं पाहिजे. गोखले कागलला शिकले, मग इथं आपल्या राजाराम कॉलेजात.

मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी. तेही स्थानिक संस्थेला हवं असेल तर, सरकारनं परवानगी दिली तर, आणि त्या भागात आधीच पुरेशी मुलं शाळेत जात असतील तर! एवढं बेताचं मागणं. तरी सरकार म्हणालं, लोकांची तशी मागणीच नाही. काही बडे जमीनदारही विरोधात गेले. वर्षभरानं मतं पडली : बाजूनं १३, विरुद्ध ३८. विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं. तरी उभं राहून एकेक आक्षेप खोडत गेले. याला आपण 'मवाळ' म्हणतो. हरणार हे माहीत असताना सत्तेच्या तोंडावर हिशेब मांडायला कसली छाती लागते, हे लाल मातीत वाढलेल्या गावाला मी काय सांगावं?

आणि पुढं? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया! १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद केल्या. सगळी पोरं एका शाळेत.

इथं कुणीतरी विचारणारच की स्वातंत्र्य मानणारा माणूस दंड कसा बसवतो? माझं सगळं म्हणणं याच प्रश्नात आहे. बापाला पोर गुरांमागं पाठवायचं स्वातंत्र्य हवं असतं, पण त्या पोराच्या स्वातंत्र्याचं काय? ते मागायला त्याला तोंडच नाही. ते तोंड त्याला मिळावं म्हणून सत्ता वापरणं, हा माझ्या लेखी उदारमतवाद. 'सगळ्यांचं बरोबर' म्हणत बाजूला बसणं याच्याशी त्याचा संबंध नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत, राजकारणातला उदारमतवाद, तो आता पळत पळत सांगतो.

उदारमतवादाची दुसरी बाजू सत्तेला लगाम घालण्याची. महाराज राजे होते. आज राजा नाही, संविधान आहे. आपल्या पक्षाचं सरकार असताना विरोधकाच्या सभेला परवानगी मिळावी म्हणून जो बोलतो, त्याला मी राजकारणात उदारमतवादी म्हणतो. विरोधात असताना सगळेच बोलतात.

कॉम्रेड गोविंद पानसरे कम्युनिस्ट होते. आर्थिक धोरणावर माझं त्यांच्याशी पटलं नसतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात, सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर त्याच्या निषेधात इथं निर्भय मॉर्निंग वॉक निघाले. त्यात लाल झेंड्याशी काही संबंध नसलेली माणसंही चालली. त्या कार्यकर्त्याला माझं उत्तर हेच : रस्त्यावर ती उतरली होती.

आता प्रश्न विचारा. कडक विचारलेत तरी चालेल.