होडीची पाठ पावसाने कुजते

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते फायबरच्या होडीच्या मागच्या भिंतीबद्दल, जिच्यावर इंजिन लटकतं तो ट्रान्सम. किनाऱ्यावर कुणालाही विचारा, सांगतील फायबर कुजत नाही. बरोबर आहे, फायबर नाहीच कुजत, पण जुन्या होडीचा ट्रान्सम नुसत्या फायबरचा नसतो ना, बाहेरून फायबरचं कातडं, आतून फायबरचं कातडं आणि मधे प्लायवूड. बहुतेक वेळा १८-१९ मिमीच्या दोन शीट एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणजे ३८ मिमीच्या आसपास. कुजतं ते हे मधलं लाकूड, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

मागच्या मे महिन्यात माझ्याकडे एक १८ फुटी होडी आली. रंग नवा, जेलकोटला म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला चमक, मालक म्हणाला दादा फक्त इंजिनचे बोल्ट ढिले होतात सारखे. मी एक बोल्ट काढला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. तिथेच स्क्रूड्रायव्हर घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. कातडं उघडलं तेव्हा आत भिजवलेल्या पेंडीसारखा काळा चोथा, हाताने ओंजळी भरून काढला आम्ही. आणि आधी कुणीतरी ट्रान्सम हलतो म्हणून वरून ॲल्युमिनियमची प्लेट मारलेली, त्यासाठी आठ भोकं पाडलेली, एकातही सीलंट नाही. म्हणजे दुखणं बरं करायला गेले आणि पाण्याला आठ नवीन वाटा करून दिल्या.

आता माझं मुख्य म्हणणं हेच आहे, की ट्रान्सम समुद्राच्या पाण्याने कमी आणि पावसाच्या पाण्याने जास्त कुजतो. लाकूड कुजवते ती बुरशी, तिला ओल लागते, हवा लागते आणि खारट पाणी तिला मानवत नाही. गोडं पाणी मात्र भरपूर मानवतं. आपण १ जूनला मासेमारी बंदी लागली की होडी ओढून शाकारतो, वर ताडपत्री टाकतो, ताडपत्रीला वाऱ्याने भोक पडतं, पाणी मागे जमतं, दोन महिने तसंच राहतं आणि बोल्टच्या, ड्रेन प्लगच्या, फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरच्या स्क्रूच्या भोकांतून हळूहळू आत मुरतं. एकदा आत गेलं की दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे ते वाळणार कुठून?

तपासायचं कसं, तर छोटी हातोडी घेऊन पूर्ण ट्रान्सम ठोकत जा. चांगल्या जागी आवाज कडक येतो, कुजलेल्या जागी थप्प असा बसका. मग इंजिन टिल्ट करून म्हणजे वर उचलून त्याचा खालचा पाय धरून वरखाली दाबा आणि दुसऱ्याला वरच्या कडेकडे बघायला सांगा, कड हलली तर समजायचं. तरी शंका असेल तर आतल्या बाजूने ५ मिमीचं ड्रिल मारा, पिवळट कोरडा भुसा आला तर ठीक, काळा ओला लगदा आला तर त्या होडीवर इंजिन लावून बाहेर जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. पंखा खाली होडीला पुढे ढकलतो तेव्हा ब्रॅकेटची खालची बाजू ट्रान्सममध्ये रुतते आणि वरची बाजू मागे उपटली जाते, हा सगळा जोर त्या लाकडावर असतो.

कापण्याआधी होडी सरळ, पक्क्या ठोकळ्यांवर बसवा, कारण ट्रान्सम काढला की होडीच्या बाजू फाकू शकतात. उंची, जाडी, मागचा कल, बोल्टच्या भोकांची मापं, सगळं लिहून घ्या, पुठ्ठ्याचा साचा काढा. मी शक्यतो आतलं कातडं कापतो, बाहेरचं ठेवतो, म्हणजे होडीचा आकार शाबूत राहतो. मधे डेक आड येत असेल तर बाहेरून कापावं लागतं. लाकूड शेवटच्या तुकड्यापर्यंत काढा, बरं दिसतंय म्हणून कोपऱ्यातलं ठेवू नका. ग्राइंडर चालवताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच, ती धूळ फुप्फुसात जाते.

प्लाय घ्यायचा तो आयएस ७१० या मानकाचा मरीन. साध्या प्लायचे पापुद्रे सुटतात. पण मरीन म्हणजे पाणी पीत नाही असं नाही हां, त्याचा डिंक सुटत नाही, लाकूड पाणी पितंच, म्हणून सगळ्या बाजूंना रेझिन, म्हणजे फायबरचं कापड ज्यात भिजवतात ते घट्ट होणारं रसायन, पाजायचं आणि कडांना तीन-तीन वेळा, कारण पाणी कडेनेच आत शिरतं. चिकटवताना नुसतं पातळ रेझिन नको, सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट करा, क्लॅम्प आवळल्यावर चारी बाजूंनी ते बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत पोकळी राहिली. कोपऱ्यांत त्याच लगद्याची गोलाई द्या, फायबर काटकोनात नीट बसत नाही. जुन्या कातड्याला जोड देताना जाडीच्या बारा पट उतार घासा, म्हणजे ५ मिमीला ६० मिमी.

रेझिनचं विचाराल तर मी एपॉक्सी वापरतो, महाग आहे पण जुन्या फायबरला तेच घट्ट धरतं. फक्त त्याच्याबरोबर साधी, तुटक धाग्यांची मॅट घेऊ नका, मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, विणलेलं कापड घ्या. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांना एकच गोष्ट, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर कधीही, कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग वेगळ्या मापाने हार्डनर. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवूसुद्धा नका.

अडचण वेळेची आहे हे मला कळतं. बंदीत हात मोकळे असतात पण हवा ओली, आणि हवा कोरडी असते तेव्हा धंद्याचे दिवस. माझं मत विचाराल तर मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्याचा धंदा सोडा, सकाळी लवकर काम करा कारण दुपारच्या उन्हात डब्यातच रेझिन घट्ट होतं. जूनमध्ये उघडलात तर शेडमध्ये, आणि ओलं लाकूड बंद करण्याची घाई अजिबात नको, नारळी पौर्णिमा गेली तरी चालेल.

शेवटी भोकं. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट एपॉक्सीने पूर्ण भरा, सुकलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा, म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही. ड्रेन प्लगलाही हेच. वरून पॉलियुरेथेन सीलंट, सिलिकॉन नाही. आणि पुढच्या वेळी शाकारताना नाळ वर ठेवा, मागे उतार द्या, प्लग काढून खिशात टाका आणि जोराचा पाऊस झाला की एक फेरी मारून त्या भोकातून पाणी वाहतंय ना ते बघा, पाचोळ्याने तुंबलेलं असतं ते बऱ्याचदा.