एडिटर आधी की ॲप आधी?

तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न सारखा येतोय: मोबाइल ॲप बनवायला शिकायचंय, तर एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) कोणता घेऊ? माझ्या मते हा प्रश्न थोडा लवकर विचारला जातो. ॲप कोणत्या फोनवर चालवायचंय आणि कशात लिहायचंय, एवढं ठरलं की एडिटरचा अर्धा निकाल आपोआप लागतो.

आयफोनचं बघा. स्विफ्ट या ॲपलच्या भाषेत लिहायचं तर एक्सकोड हे ॲपलचंच साधन हवं, आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. कोड हव्या त्या एडिटरमध्ये टाइप करा, पण सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली आयफोनवर, चालवायला आणि ॲप स्टोअरवर चढवायला फिरून ॲपलच्याच साधनांकडे यावं लागतं. जेटब्रेन्स या एडिटर बनवणाऱ्या कंपनीने ॲपकोड हा पर्याय बरीच वर्षं चालवला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याची विक्री थांबवली. विषय संपला.

अँड्रॉइडचं प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. सुरुवातीची काही वर्षं सगळे एक्लिप्स हा एडिटर वापरायचे, गूगलचं प्लगइन (वरून जोडायची पुरवणी) टाकून. २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ हा स्वतःचा एडिटर जाहीर केला, २०१४ च्या अखेरीस त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि २०१५ संपता संपता एक्लिप्सच्या प्लगइनवरचा हात काढून घेतला. स्टुडिओच्या पोटात जेटब्रेन्सचा इंटेलिजे हा एडिटर आहे, आणि त्याची खरी किंमत कळते ती नाव बदलताना. समजा, ‘लोड’ नावाची दोन फंक्शन्स आहेत, एक चित्र आणतं, दुसरं वापरकर्त्याची माहिती. तुम्हाला फक्त पहिल्याचं नाव बदलायचंय. साध्या ‘शोधा आणि बदला’ने दोन्ही बदलतात, वर ‘डाउनलोड’मधला ‘लोड’ही सापडतो! स्टुडिओत शिफ्ट-एफ६ दाबा. कुठला ‘लोड’ कोणत्या क्लासचा, हे त्याला ठाऊक असतं. स्क्रीनवरच्या एखाद्या मजकुराची आयडी बदलली, तर स्क्रीनची मांडणी असलेलं एक्सएमएल आणि कोटलिन भाषेतला कोड, दोन्हीकडे ती बदलून येते. अँड्रॉइडच्या प्रोजेक्टमध्ये असे धागे शेकडो असतात.

पण स्टुडिओ जड आहे, हे कबूल. नुसत्या स्टुडिओला गूगलच किमान ८ जीबी रॅम मागतं. एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा नकली फोन, सोबत चालवायचा तर १६. लॅपटॉप दमत असेल तर एम्युलेटरचा नाद सोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडा. ॲप थेट तुमच्या हातातल्या फोनवर येतं. एम्युलेटरवर बोटाचा आणि कॅमेऱ्याचा खरा अंदाज तसाही येत नाही.

आता व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचा एडिटर. २०१५ मध्ये आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी ॲप बनवायची साधनं) करणार असाल तर बेधडक घ्या. फ्लटरच्या बाबतीत तर चुका दाखवणारा, पुढचा शब्द सुचवणारा ॲनालिसिस सर्व्हर डार्ट (फ्लटरची भाषा) बनवणाऱ्यांनीच लिहिलाय. तोच व्हीएस कोडला पुरवतो आणि तोच स्टुडिओला. त्यामुळे सूचनांच्या दर्जात फारसा फरक पडत नाही. हॉट रीलोड, म्हणजे कोड बदलताच चालू ॲपमध्ये बदल दिसणं, हेही दोन्हीकडे चालतं. अँड्रॉइडचा एसडीके (ॲप बनवायची गूगलची साधनपेटी) मात्र तरीही लागतो, म्हणून बरेच जण स्टुडिओ टाकतात तो नुसता एसडीकेसाठी. शुद्ध कोटलिनसाठी व्हीएस कोडचा आग्रह मी धरणार नाही. कोटलिनचा अधिकृत लँग्वेज सर्व्हर (एडिटरला भाषा समजावणारा प्रोग्राम) जेटब्रेन्सने जाहीर केला तोच मुळी २०२५ मध्ये.

थीम, फाँट, मिनिमॅप यांवर मी बोलणार नाही. त्यात आठवडा घालवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचं ॲप अजून यायचंय. पारखायचंच असेल तर वेगळी परीक्षा घ्या. बटण दाबल्यावर जे फंक्शन चालतं, त्यात एक ब्रेकपॉइंट (‘इथे थांब’ अशी खूण) टाका आणि ॲप फोनवर चालवा. एडिटर त्या ओळीवर थांबतो का? व्हेरिएबलची किंमत दाखवतो का? मग मुद्दाम ॲप क्रॅश करा. लॉगमधल्या (ॲपच्या नोंदींतल्या) लाल ओळीवर क्लिक केल्यावर नेमक्या फाइलच्या नेमक्या ओळीवर नेतो का? लिहिण्यापेक्षा आपला जास्त वेळ असल्या शोधाशोधीत जातो. इथे जो एडिटर अडला, तो कितीही चपळ असो, माझ्या कामाचा नाही.

आणखी एक. एडिटर बंद पडतात. गिटहबचा ॲटम हा एडिटर एकेकाळी घरोघरी होता. १५ डिसेंबर २०२२ ला गिटहबनेच त्याला कुलूप लावलं. म्हणून प्रोजेक्ट एडिटरच्या ताब्यात देऊ नका. अँड्रॉइडचं बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार करणं, ग्रेडल नावाचं साधन करतं, स्टुडिओ फक्त त्याला हाक मारतो. टर्मिनलमध्ये ग्रेडल रॅपरला (प्रोजेक्टमध्येच असणाऱ्या ग्रेडलच्या स्क्रिप्टला) ‘असेंबलडीबग’ सांगितलं की तीच एपीके (फोनवर टाकायची ॲपची फाइल) तयार होते. महिन्यातून एकदा एडिटर न उघडता बिल्ड करून बघा. अडलं, तर एखादी सेटिंग फक्त तुमच्याच मशीनवर, एडिटरच्या कोपऱ्यात अडकलीय असं समजा आणि ती बिल्ड फाइलमध्ये आणा. टीममध्ये एकजण स्टुडिओवर आणि दुसरा व्हीएस कोडवर बसला, तरी मग भांडण होत नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, विम या कीबोर्डवरूनच चालणाऱ्या जुन्या एडिटरची सवय आहे, तिचं काय करू? मोडू नका. स्टुडिओत आयडियाविम प्लगइन टाका. एक्सकोडमध्ये तर १३ व्या आवृत्तीपासून विम मोड आतच आहे, एडिटर मेन्यूत सापडेल.