फिरवतं कोण?

नमस्कार श्रोतेहो. स्वयंपाकघरातला मिक्सर, छताचा पंखा, विहिरीवरचा पंप. तिन्हींत मोटरच असते, पण तिन्हींची जात वेगळी. ती ओळखायची तर एकच विचारायचं : आतलं चुंबकत्व फिरतं ठेवतं कोण?

मिक्सरमध्ये ते काम कार्बन ब्रशांचं. फिरत्या कॉम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, घासत ते तारेच्या वेढ्यांमधल्या विजेची दिशा सतत पालटतात. ही मोटर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेऊ शकते. ब्रश झिजतात, आवाज फार होतो, पण दोन-चार मिनिटांच्या वाटणाला हीच योग्य. 1925 साली मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची रेल्वेगाडीसुद्धा ब्रशवाल्या डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवरच्या, मोटरींवरच चालली होती.

पंपाच्या थ्री-फेज मोटरला ब्रश लागत नाहीत. तिन्ही फेजांची, म्हणजे तीन जिवंत तारांतली, वीज पाळीपाळीनं चढते-उतरते, त्यातून चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्यामागे धावतो. ही इंडक्शन मोटर. निकोला टेस्लाला तिचं अमेरिकन पेटंट 1888 मध्ये मिळालं. आपल्या 50 हर्ट्झ विजेवर चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय टोकांच्या, मोटरचं क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं, रोटर भाराखाली साधारण 1440. रोटर मागे राहायलाच हवा. त्यानं क्षेत्राला गाठलं तर त्यात वीजच उपजणार नाही आणि जोरही उरणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आता जरा नीट ऐका. एक फेज गेला तरी चालू मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या फेजांतून जास्त करंट ओढत ती फिरत राहते, तापते आणि जळते. व्होल्टेज 20 टक्के पडलं, तर मोटरचा जोर 36 टक्क्यांनी घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर ठरतो. ऐन पाण्याच्या पाळीला मोटर रिवाइंडिंगला न्यावी लागली, की पीक वाळतं. तेव्हा स्टार्टरमधला रिले किंवा फेज गेला की मोटर बंद करणारा फेज प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला बगल देऊन तार जोडू नका. तो ट्रिप होतो तेव्हाच तुमची मोटर वाचवत असतो.

घरच्या साध्या पंख्यातही इंडक्शन मोटरच, पण सिंगल फेजची. एकट्या फेजमधून फिरतं क्षेत्र तयार होत नाही, म्हणून कंडेन्सर लावून दुसऱ्या वेढ्यातला करंट पुढे सरकवतात. पंखा मंद झाला, तर आधी तोच तपासून घ्या. पुष्कळदा तेवढ्यानं काम भागतं.

नव्या बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरच्या, पंख्यात रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि वेढ्यांना वीज कधी द्यायची हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. साधा पंखा 75 वॉट घेतो, तिथे हा साधारण 30 घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. सर्किट बिघडलं तर दुरुस्ती मात्र महाग पडते. तेव्हा घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. रात्रभर चालणारा आधी बदला.