खोगीर उतरल्यावर

(दृश्य: माथेरान, संध्याकाळ. लाल मातीच्या वाटेवरून परतणारा तांबडा घोडा. मागे घोडेवाला.)

निवेदन :
दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. तिथून बाजारपेठेपर्यंत पायी जायचं, रुळांवरच्या छोट्या गाडीने जायचं, ई-रिक्षात बसायचं, नाहीतर घोड्यावर. या घोड्याने आज दिवसभर माणसं वाहिली. आता त्याचं खोगीर उतरतंय. त्याच्या पाठीकडे नीट बघा.

(दृश्य: तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सुटतो. खोगीर आणि खालची घोंगडी बाजूला होते. पाठीचं जवळून चित्रण.)

सगळी पाठ घामाने ओली आहे, पण आयाळ संपते त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे डाग कोरडे आहेत. कोरडं म्हणजे चांगलं, असं वाटेल. तसं नाही. तिथे खोगीर इतकं दाबून बसलं होतं की घामसुद्धा फुटला नाही. आज जिथे कोरडा डाग आहे, तिथेच उद्या जखम होऊ शकते.

या उंचवट्यावर मांस फारसं नसतंच. वर कातडी आणि लगेच खाली हाड. खोगिराचा भार तिथे आला की कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. तास न् तास तुटून राहिला की कातडी मरायला लागते. वरून मात्र काहीच दिसत नाही. दिसते ती सूज, तीही खोगीर उतरल्यानंतर. म्हणून जुने जाणते घोडेस्वार पोहोचल्या पोहोचल्या खोगीर ओढून काढत नसत. तंग सैल करायचा, थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, दबलेलं रक्त हळूहळू परतू द्यायचं आणि मग खोगीर उतरवायचं.

त्यात माथेरानची ही माती. घामात कालवली की घोंगडीखाली सँडपेपर घासल्यासारखं होतं. उताराला खोगीर पुढे सरकतं, चढाला मागे. दिवसभर हीच घासाघीस. पावसाळ्यात तर घोंगडी वाळतच नाही आणि ओली कातडी लवकर सोलते.

(दृश्य: दुसरा घोडा. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके.)

हे पांढरे ठिपके जन्माचे नाहीत. दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या आणि पुन्हा उगवलेले केस पांढरे आले. घोडा विकत घेताना पाठीवर हे ठिपके दिसले, तर त्याने काय सोसलंय ते विचारावंही लागत नाही.

जखम झालीच, तर पहिलं औषध एकच : खोगीर बंद. कातडी भरून वर केस येईपर्यंत बंद. घोडेवाल्याला हे सांगताना जीभ जड होते, कारण घोडा उभा राहिला की घरची चूल थंडावते. पण अर्ध्या भरलेल्या जखमेवर पुन्हा खोगीर चढवलं, तर थोडक्यात भरणारं दुखणं महिन्यांवर जातं.

(दृश्य: जखम धुताना हात.)

1 लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा. त्याने जखम हलक्या हाताने धुवायची. भोवतीचे केस कापायचे, म्हणजे ते आत चिकटत नाहीत. जळकं तेल नको, चुना नको, कोळशाची पूड नको. यांनी नवी उगवणारी कातडीच जळते किंवा आत घाण अडकते. माश्या बसू द्यायच्या नाहीत, नाहीतर अळ्या पडतात. आणि धनुर्वाताची लस टोचलेली आहे ना, हे आधी बघायचं. धनुर्वाताने घोडा फार लवकर दगावतो, आणि त्याचे जंतू माती-लिदीत असतात.

पू आला, वास आला किंवा सूज खोल वाटली, तर जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. हा उंचवटा पाठीचा माथा आहे. इथला पू बाहेर न येता खाली, आत मांसात उतरत जातो.

(दृश्य: सकाळ. घोंगडी झटकणारे हात.)

आपण बोलताना बिनकामाच्या भरीला खोगीरभरती म्हणतो. इथे मात्र घोड्याची पाठ त्या भरतीवरच तगते. ती दबून गोळा झाली की उसवून पुन्हा सारखी भरावी लागते. खोगिराची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यामध्ये, माणूस वर बसलेला असतानाही, दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. घोंगडी थोडी पुढे ठेवून मागे सरकवायची, म्हणजे केस सरळ बसतात. मग ती कमानीत वर ओढून घ्यायची. सुरकुती एकही नको.

आता तुमच्यासाठी, जे घोड्यावर बसणार आहात. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असा साधारण हिशेब आहे. 300 किलोच्या तट्टासाठी हा भार 60 किलो. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 70 किलोच आहे. जखमेमुळे कामाला नालायक झालेलं जनावर राबवणं हा प्राण्यांच्या छळाला बंदी घालणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. बसण्याआधी घोंगडी उचलून पाठ दाखवा म्हणा. चांगला घोडेवाला आनंदाने दाखवील. पाठ सोललेली दिसली, तर चालत जा. आणि जमलं तर त्याच्या हातावर थोडे पैसे ठेवा, म्हणजे घोड्याला आज सुट्टी देणं त्याला परवडेल.

(दृश्य: तांबडा घोडा, पाठ मोकळी. तो लाल मातीत लोळतो, उठतो, अंग झाडतो.)