उशाशी बसणाऱ्याचं शिक्षण

मंडळी, आजाऱ्याजवळ रात्रभर जागणाऱ्याला आपण 'सोबतीला बसलाय' म्हणतो. तो निदान करत नाही, औषध ठरवत नाही, पण त्याच्या असण्याने रात्र निभते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने अशा सोबतीसाठी परवाना सुरू केला. ही सोबत असते सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेली अळंबी घेऊन पाच-सहा तास डोळे मिटून पडलेल्या माणसाची. कायद्यात या सोबत्याला फॅसिलिटेटर म्हणतात. बातम्यांत अळंबी गाजते, पण गुण येणार की घोळ होणार हे बरंचसं या माणसावर ठरतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी याला मुभा देणारा 'मेझर १०९' हा कायदा मंजूर केला. पुढची दोन वर्षं नियम करण्यात गेली. २ जानेवारी २०२३ पासून परवान्यांचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी सेवनाची पहिली केंद्रं उघडली. वय २१ पूर्ण हवं. डॉक्टरची चिठ्ठी किंवा आजाराचं निदान लागत नाही. ऑस्ट्रेलियाने नेमकी उलटी वाट धरली: १ जुलै २०२३ पासून तिथे फक्त अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकतात, आणि तेही इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. ओरेगॉनमध्ये डॉक्टर मधे नाही, म्हणून सोबत्यावरचा भार जास्त.

त्याचं शिक्षण १२० तासांचं, वर ४० तासांचा प्रत्यक्ष सराव आणि राज्याची परीक्षा. अभ्यासक्रमात या प्रथेचा इतिहासही येतो, आणि तो यायलाच हवा. मेक्सिकोतल्या वाउत्ला गावी माझातेक हे तिथले मूळ रहिवासी आजाऱ्यासाठी ही अळंबी घेऊन रात्र जागवत आले आहेत. १९५५ मध्ये तिथल्या वैदू मारिया साबिना यांनी एका अमेरिकन पाहुण्याला अशा रात्री सामावून घेतलं. १९५७ मध्ये त्याचा लेख छापून आला, गावात परदेशी गर्दी लोटली आणि पुढे साबिनांचं घर जाळलं गेलं. आज ज्या ज्ञानावर केंद्रं उभी आहेत, त्याची किंमत आधी त्या बाईने मोजली.

आता मुख्य भाग, तयारीची बैठक. ती सेवनाच्या किमान २४ तास आधी व्हावी लागते. गेल्या ३० दिवसांत लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेतलं असेल, पूर्वी कधी सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचं, निदान झालं असेल किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार असतील, तर तिथेच थांबायचं. लिथियमबरोबर झटके आल्याच्या नोंदी आहेत. काही तास नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयरोग्याने आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. घरात कुणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल, तर अर्जावर सही झाली तरी जाणता सोबती पुढे जात नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती नैराश्याच्या गोळ्यांबाबत. या गोळ्यांतल्या अनेकांनी अळंबीचा परिणाम बोथट होतो, म्हणून माणसं मनानेच गोळ्या बंद करून येतात. गोळी एकदम सोडली की चक्कर, अस्वस्थता येते, कधी जुनं नैराश्य उसळून येतं. अशा माणसाला आधी त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवणं हेच काम.

स्पर्शाची बोलणीही याच बैठकीत होतात, आणि लेखी होतात. मिठी, किंवा हातावर, पावलावर, खांद्यावर हात, एवढंच आणि ते आधी संमती असेल तरच. अळंबीच्या भरात दिलेला होकार हा होकार नव्हे. घरी कोण नेणार हेही आधी ठरतं, स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

मात्रेचं बघू. 'सायलोसायबी क्युबेन्सिस' या एकाच जातीला परवानगी आहे आणि एका बैठकीत कमाल ५० मिलिग्रॅम सायलोसायबिन. वाळलेल्या अळंबीत ते साधारण अर्धा ते एक टक्का असतं, म्हणजे २५ मिलिग्रॅमसाठी कधी अडीच ग्रॅम लागेल, कधी पाच. नुसत्या वजनावर विसंबलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते. म्हणून प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची. शेणखतावर किंवा लाकडाच्या भुशावर पीक घ्यायला बंदी आहे. शेणखतात रोगजंतूंची भीती असते आणि लाकडावर वाढणाऱ्या काही जातींनी हातपाय तात्पुरते लुळे पडल्याचं आढळलं आहे.

सेवनानंतर अर्ध्या ते एक तासात परिणाम सुरू होतो. आधी मळमळ, जांभया, थंडी. भर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. पाऊण तास झाला की अनेक जण म्हणतात, 'काहीच होत नाहीये, अजून द्या.' इथे घाई केली की दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. भीती दाटली तर वाद घालू नये, समजूतही लांबवू नये. 'तुम्ही अळंबी घेतली आहे. हे उतरणार आहे. मी इथेच आहे.' एवढं संथपणे सांगावं, कूस बदलायला सुचवावं, गाणं बदलावं. दिसलेल्या गोष्टींचा अर्थ सोबत्याने लावायचा नाही. त्या वेळी मन ओल्या मातीसारखं असतं आणि दुसऱ्याचं बोट उमटून राहतं.

अर्थ लावायची जागा नंतरच्या बैठकीत. ती ऐच्छिक आहे आणि पैसे वाचवायला लोक नेमकी तीच गाळतात. २०२२ मध्ये २३३ नैराश्यग्रस्तांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांना तिसऱ्या आठवड्यात १ मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त आराम होता, पण बाराव्या आठवड्यापर्यंत तो बराच ओसरला. म्हणून पुढच्या भेटी महत्त्वाच्या.

खर्च मोठा आहे, हजार डॉलरच्या वर सहज जातो. विमा मिळत नाही. केंद्रीय कायद्यात हा पदार्थ अजून बंदीच्या पहिल्या यादीत असल्याने केंद्रांना भाडं-पगार असे साधे खर्चही करातून वजा करता येत नाहीत, आणि तो बोजा शेवटी येणाऱ्यावर पडतो.

पोर्टलंडच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी याच यादीकडे लक्ष द्यावं. राज्याने मुभा दिली तरी व्हिसा आणि ग्रीन कार्ड अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हातात आहे, आणि तिथे सेवनाची कबुली अंगाशी येऊ शकते. नागरिकत्व नसेल तर तयारीच्या बैठकीआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. भारतात तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली सायलोसायबिनवर बंदी आहे, त्यामुळे तिथलं उरलेलं काहीही सामानात बांधून आणायचं नाही. ओरेगॉनच्या नियमांप्रमाणेही ते केंद्राच्या दाराबाहेर जाऊ द्यायचं नसतंच.